सासूबाईंना वायनरीत कसं न्यायचं?

प्रश्न: ताई, फेब्रुवारीत नाशिकला चाललोय, गंगापूर धरणाच्या बाजूला दोन रात्रींचं बुकिंग झालंय. आम्ही दोघं, सासू-सासरे (सत्तरीपुढचे) आणि आठ नि बारा वर्षांची दोन मुलं. ह्यांना वायनरी बघायचीच आहे, सासूबाई म्हणतात दारूच्या कारखान्यात मी पाय ठेवणार नाही. मधला एकच अख्खा दिवस मिळतोय, त्र्यंबकेश्वरही त्यातच उरकावं का? - एक वाचक, पुणे

उत्तर: त्र्यंबक त्यात कोंबू नका हो. अंतर तीसेक किलोमीटरच आहे पण वेळ जातो रांगेत, आम्ही एकदा सोमवारी गेलो (चूक आमचीच, महादेवाला सोमवारी गर्दी नसणार तर कधी) आणि बाहेर येईपर्यंत दुपारचे तीन, पुढचं सगळं बोंबललं.

सकाळी मिसळ खाऊन थेट पांडवलेणी. पायऱ्या चढायच्या आहेत, तेव्हा सासऱ्यांचे गुडघे बघून ठरवा. वर २४ लेणी आहेत, सगळी दाखवायच्या फंदात पडू नका, तीन नंबरचं नीट बघा. तिथल्या शिलालेखात गौतमी बलश्रीने आपल्या गेलेल्या मुलाचं, गौतमीपुत्र सातकर्णीचं, कौतुक कोरून घेतलंय. राजा आईच्या नावाने ओळखला जायचा हे मुलांना सांगा, बरोब्बर लक्षात राहतं. मग पंचवटी. काळाराम मंदिर दाखवताना १९३० चा डॉ. आंबेडकरांचा सत्याग्रहही सांगा. सीतागुंफेत वाकून, बसून सरकावं लागतं, मोठ्यांना बाहेरच थांबू दे.

वायनरी दुपारी चारनंतर. सासूबाईंना सांगा द्राक्षाचा मळा बघायला चाललोय, खोटं नाहीच ते. फेब्रुवारी म्हणजे ऐन तोडणी! युरोपात द्राक्षं सप्टेंबर-ऑक्टोबरला उतरवतात, आपल्याकडे तेव्हा गोडी छाटणी (फळ धरण्यासाठीची) चालू असते, म्हणून माल थंडीत तयार होतो; एप्रिलमधली खरड छाटणी वेगळी, ती नव्या काड्या फुटण्यासाठी. वाईनचं द्राक्ष बारकं, जाड सालीचं, बियांचं, आपण पेटीतून आणतो ते नव्हे. आणि गंमत म्हणजे काळ्या द्राक्षाचाही रस बहुतेक वेळा फिकाच निघतो, रंग सालीत असतो, म्हणून रेड वाईनला सालीसकट आंबवतात. ज्या बाईने जन्मभर इडलीचं पीठ आंबवलंय तिला टाकीपाशी उभं करा, ह्यांच्यापेक्षा नेमके प्रश्न त्याच विचारतील बघा. टेस्टिंगच्या टेबलावर त्यांना बसवायचा आग्रह मात्र नको, त्या नि मुलं बाहेर वेलींकडे बघत बसतील.

टूरचं बुकिंग आधी करा, शनिवार-रविवारी मुंबईची गर्दी उतरते. आणि ह्यांनी टेस्टिंग केलं तर परत येताना गाडीची किल्ली तुमच्याकडे, किंवा सकाळीच दिवसभराचा ड्रायव्हर सांगून ठेवा.