सॉफ्टवेअरने ४१ मार्क दिले म्हणून माणूस नापास?

प्रश्न : ताई, मी शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत एचआर बघते. मालकांनी यंदा बायोडाटा तपासायला एआय सॉफ्टवेअर घेतलंय, ते शंभरपैकी मार्क देतं आणि साठच्या खालचे आपोआप बाजूला टाकतं. मोल्डिंगसाठी, म्हणजे ओतकामाचे वाळूचे साचे करायला, आलेल्या एका अनुभवी माणसाला ४१ पडले, कारण मधे दोन वर्षं गॅप, वडील आजारी म्हणून घरचा ऊस बघत होता. मला तो बरा वाटतोय, पण मालक म्हणतात मशीन भेदभाव करत नाही, तुम्हीच भावनेत जाताय. काय करू?

उत्तर : भावनेत वगैरे काही नाही, तुम्ही तुमचं कामच करताय. आणि मशीन भेदभाव करत नाही हे काही खरं नाही. अ‍ॅमेझॉननं २०१४ मध्ये असंच टूल बनवायला घेतलेलं, शिकवायला त्याला मागच्या दहा वर्षांत आलेले बायोडाटे दिले, त्यात बहुतेक पुरुषांचे, तर ते बायोडाट्यात कुठं ‘महिला’ असं दिसलं की मार्क कापायला लागलं, अगदी महिला बुद्धिबळ क्लबची कॅप्टन असली तरी. शेवटी त्यांनी ते गुंडाळलं, २०१८ ला रॉयटर्स वृत्तसंस्थेनं बातमी दिली. कुणी मुद्दाम केलं नव्हतं हो, जुनी भरती जशी झालेली तसंच ते शिकलं.

आता आपल्याकडं घरात अडचण आली की पोरगा कामधंदा सोडून शेतात उतरतो, सगळं मार्गी लागलं की परत कामावर येतो, ह्यात त्याचं काय चुकलं? शिवाय मोल्डरचा बायोडाटा बऱ्याचदा झेरॉक्सच्या दुकानात दुसऱ्यानंच टाईप केलेला असतो. वाळू मुठीत दाबून ओल बरोबर आहे का हे ज्याला कळतं, त्याचं ते कसब कागदावर येणार कुठून?

सॉफ्टवेअर फेकून द्या असं मी म्हणत नाही. ढीगभर अर्ज आले की नाव, आयटीआयचा ट्रेड, अनुभव तक्त्यात लावून घ्यायला आणि इंटरव्ह्यूच्या तारखा कळवायला ते झकास आहे. पण ते आपोआप बाजूला टाकणं आधी बंद करायला लावा. नकार द्यायचा तर कारण माणसानं लिहायचं, खाली स्वतःचं नाव घालून. आणि मार्क बघायच्या आधी बायोडाटा वाचा, कारण एकदा ४१ दिसलं की आपण पण चुकाच हुडकत बसतो. गॅपला किती मार्क कापतात हे विकणाऱ्याला स्पष्ट विचारा, सांगता येत नसेल तर त्या मार्कांवर कुणाची भाकरी ठरवू नका. युरोपनं २०२४ च्या एआय कायद्यात भरतीची टूल्स जास्त जोखमीची धरलीत, त्यावर माणसाची देखरेख पाहिजेच असं सांगितलंय, हे मालकांना जरूर दाखवा.

(आणि एक, उमेदवारांचे आधार नंबर, पत्ते फुकटच्या चॅटबॉटमध्ये टाकू नका, ती माहिती त्यांनी तुमच्या भरवशावर दिलेली असते.)

त्या माणसाला ह्याच आठवड्यात बोलवून घ्या, सुपरवायझरसोबत मोल्डिंगच्या कामावर तासभर उभा करा, आणि मालकांना पण तिथंच यायला सांगा.