शब्द तेच, चाली मात्र भलत्याच

प्रश्न (भुसावळहून): नमस्कार दादा, आमच्या चर्चच्या क्वायरमध्ये सात-आठ जण आहोत, दोघं रेल्वेतले आणि बाकी कॉलेजची पोरं. डिसेंबरच्या कार्यक्रमात रात्रीची जुनी लॅटिन प्रार्थना घ्यायचं ठरलंय, 'ते लूचिस आन्ते तेर्मिनुम'. यूट्यूबवर शोधली तर नाव एकच आणि दर व्हिडिओत गाणं वेगळंच! एकात सगळे साधं एकत्र गाताय, एकात आवाजावर आवाज, आणि एकात तर ऑर्गन असा कडाडतो की झोपलेला माणूस उठून बसेल. पहिल्या कडव्यातले शब्द पण बदललेले वाटले. खरं कोणतं, आणि आम्हाला जमेल असं कोणतं?

उत्तर: ताई, सगळीच खरी. ही मठांमधली दिवसाची शेवटची प्रार्थना, कॉम्प्लिन म्हणतात तिला, त्यातलं हे स्तोत्र. प्रकाश मावळायच्या आत देवाला म्हणायचं की रात्रभर राखण कर, वाईट स्वप्नं आणि रात्रीचे भास लांब ठेव, वैऱ्याला दाबून धर. लिहिणारा म्हणून चौथ्या शतकातल्या मिलानच्या बिशप अ‍ॅम्ब्रोजचं नाव सांगतात पण ते पक्कं नाही, घाट मात्र त्याच्याच पद्धतीचा, चार ओळींचं कडवं आणि ओळीत आठ अक्षरं. बोटांवर मोजून बघा, आपलं 'शुभं करोति कल्याणं' पण आठच अक्षरांचं आणि चारच चरणांचं, म्हणून पोरांना पाठ करायला जड जाणार नाही (वजन वेगळं आहे हां, तीच चाल लावू नका).

आता इतक्या चाली का. मुळात जुन्या काळीच याला एक चाल नव्हती, इंग्लंडात साध्या दिवसाची चाल वेगळी आणि सणाची वेगळी. तिथल्याच थॉमस टॅलिस या सोळाव्या शतकातल्या संगीतकाराने दोन्ही घेतल्या आणि दोन रचना केल्या, त्या १५७५ च्या 'कान्तियोनेस साक्रे' या संग्रहात आहेत. हा संग्रह त्याचा आणि विल्यम बर्ड या दुसऱ्या संगीतकाराचा, दोघांचा, राणी एलिझाबेथला अर्पण केलेला, राणीने त्यांना संगीत छापायचा मक्ता दिला होता ना. गंमत अशी की टॅलिसने सगळं स्तोत्र हार्मनीत, म्हणजे एकाच वेळी वेगवेगळे सूर गाणाऱ्या आवाजात, बसवलंच नाही. पहिलं कडवं साध्या जुन्या चालीत एकत्र म्हणायचं, मधलं, 'प्रोकुल रेचेदांत सोम्निया' म्हणजे ते वाईट स्वप्नांचं, फक्त तेवढं पाच आवाजात, आणि तिसरं पुन्हा साधं. पाच आवाजातसुद्धा मूळ चाल सगळ्यात वरच्या आवाजात सरळ ऐकू येते, खालचे आवाज तिच्याबरोबरच चालतात, उगाच पळापळ नाही. मला विचाराल तर इतकी कमी मेहनत दाखवून इतकं काम करणारी रचना क्वचित सापडते.

कडाडणारा ऑर्गन म्हणजे बहुतेक बाल्फर गार्डिनर या इंग्रज संगीतकाराची १९०८ ची 'ईव्हनिंग हिम' असणार. झोपायच्या प्रार्थनेची सुरुवात इतकी दणक्यात का, असं बऱ्याच लोकांना वाटतं, पण शब्दात अंधाराची भीती आणि वैरी आहेतच की, त्याने ते उचललंय. मला आवडते, पण क्वायर आठ भागांपर्यंत फुटतो आणि मोठा ऑर्गन लागतो, तेव्हा सात-आठ जणांनी आणि एका कीबोर्डने त्या वाटेला जाऊच नये.

शब्दांचं बरोबर ऐकलंत. पोप अर्बन आठवे यांच्या काळात जुन्या स्तोत्रांचं लॅटिन 'सुधारलं' गेलं आणि १६३२ च्या प्रार्थना-पुस्तकात ते आलं. आधी 'उत सोलिता क्लेमेंतिया' होतं त्याचं 'उत प्रो तुआ क्लेमेंतिया' झालं. टॅलिस त्याच्या आधीचा, म्हणून त्याच्याबरोबर 'सोलिता'च घ्या.

तुमच्यासाठी सोपं सांगतो. पहिलं आणि तिसरं कडवं सगळ्यांनी एकत्र, ताल अजिबात नाही, कीबोर्डचा रिदम बंद, तबला-ढोलक तर नाहीच, शब्दांच्या ओघात म्हणायचं. हार्मोनियमवर फक्त सूर धरून ठेवा. मधलं कडवं टॅलिसचं, साध्या दिवसाच्या चालीतलं, पाच भाग भरायला माणसं आहेत तुमच्याकडे, पण दोन तरी पक्के खर्जाचे आवाज आत्ताच शोधा, नाहीतर डिसेंबरात पंचाईत. नोटेशन 'कोरल पब्लिक डोमेन लायब्ररी'वर फुकट मिळतं.

प्रश्न (चाळीसगावहून): हीच प्रार्थना एका ऑपेरात आहे म्हणतात, ते जपानी गोष्टीवरचं कोणतं?

उत्तर: बेंजामिन ब्रिटन या इंग्रज संगीतकाराचं 'कर्ल्यू रिव्हर', १९६४, पहिला प्रयोग इंग्लंडातल्या सफोकमधल्या ऑर्फर्डच्या चर्चमध्ये. ब्रिटनने १९५६ मध्ये जपानात 'सुमिदागावा' हे नो नाटक (तिथला जुना पारंपरिक नाट्यप्रकार) पाहिलं होतं, हरवलेल्या पोराला शोधत नदीवर आलेली वेडी आई, नावाडी, असं. त्याने ते ख्रिस्ती मठात आणलं. साधू हीच प्रार्थना म्हणत आत येतात, शेवटी तीच म्हणत निघून जातात, आणि मधलं बरंचसं संगीत त्या साध्या चालीतूनच काढलेलं आहे. भूमिका सगळ्या पुरुषांच्या, आईचीसुद्धा. कॉलेजच्या गॅदरिंगला करायचा विचार असेल तर एक लक्षात घ्या, ब्रिटन १९७६ ला गेला म्हणजे आपल्याकडे कॉपीराइट २०३६ संपेपर्यंत आहे, परवानगी लागेल. सुरुवातीची ती चाल मात्र कोणाच्याच मालकीची नाही, ती खुशाल गा.