बाराखडी तोंडपाठ, तरी वाचन का अडतं?

प्रश्न : माझी मुलगी साडेपाच वर्षांची आहे. मुळाक्षरं, बाराखडी घडाघडा म्हणते. पण पुस्तकात 'मगर' दिसलं की गप्प बसते. आमचं कुठे चुकतंय? (घोडबंदर रोड, ठाणे)

तिला बाराखडी गाण्यासारखी पाठ झाली आहे. मधलंच 'ट' दाखवून बघा. ती ओठांतल्या ओठांत 'क'पासून सुरुवात करून तिथवर येईल. म्हणजे अक्षर ओळखीचं झालेलं नाही, क्रम झालाय.

महिनाभर बाराखडी बाजूला ठेवा आणि ग, म, भ, न एवढीच अक्षरं घ्या. या चौघांची वळणं जवळची आहेत आणि त्यांतून लगेच शब्द होतात : मग, नग, मन, नभ, गगन, नमन. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर मोठी अक्षरं काढा, कापा आणि तिला जमिनीवर मांडू द्या. चार अक्षरांत शब्द वाचता आला की पाचवं 'र' द्या. तुमची अडलेली मगर तिथे सुटेल.

आणखी एक अडचण सहसा पालकांच्या लक्षात येत नाही. मूल 'न', 'ख' असं सुटं वाचतं तेव्हा दोन्ही अक्षरं पूर्ण उच्चारतं. बोलताना मात्र आपण शेवटचा 'ख' पाय मोडल्यासारखा म्हणतो. म्हणून 'नऽखऽ' म्हणूनही तो आपल्याच बोलण्यातला शब्द आहे हे त्याला कळत नाही. माझ्या वर्गात एक मुलगी याच शब्दावर तीनदा अडली. चौथ्यांदा तिने अक्षरांवर बोट ठेवलं, 'नऽख' म्हणाली, त्याच बोटाकडे पाहिलं आणि ओरडलीच, "बाई, नख!" त्या क्षणी ती वाचायला लागली.

हे जोडणं आधी कानाने होऊ द्या. भाजी निवडताना तुम्ही तुकडे सांगा, तिने जोडायचे : ग-वा-र, ब-टा-टा, मु-ळा. मग उलट, तिने तोडायचं आणि तुम्ही ओळखायचं. कागद-पेन्सिल काही नको. माझ्या अनुभवात या खेळाइतका उपयोग कुठल्याच वर्कबुकचा झालेला नाही.

प्रश्न : मुलगा इंग्रजी माध्यमात पहिलीत आहे, घरी आम्ही मराठीच बोलतो. दोन्ही लिप्या एकदम शिकवल्या तर गोंधळ होईल का? (कोपरखैरणे)

नाही होणार. उलट मराठीचा आधारच मिळेल. जे शब्द तो रोज बोलतो तेच कागदावर भेटतात, आणि मराठीत अक्षराचा उच्चार बहुतेक ठिकाणी तोच राहतो. इंग्रजीतला 'सी' एका शब्दात 'क' होतो, दुसऱ्यात 'स'. 'या खुणा म्हणजे आपलं बोलणं' हे एका लिपीत उमगलं की दुसरीत पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागत नाही. तसंही २०२०च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे. ते ओझं वाटण्याआधी घरात गोडी लागू द्या.

तुमच्या दारातूनच ट्रान्स-हार्बरची लोकल जाते. तिच्या स्टेशनांच्या पाट्या वाचायला घ्या. 'सानपाडा'ला फक्त काना लागतो, म्हणून सुरुवात तिथून. मग 'वाशी', काना आणि दुसरी वेलांटी. 'ठाणे'मध्ये मात्रा येते. 'दिघा'मधली पहिली वेलांटी लिहायची अक्षराआधी आणि म्हणायची नंतर. इथे मुलं हमखास अडखळतात, थांबून दाखवा. 'कोपरखैरणे' लांबलचक असलं तरी त्यात जोडाक्षर नाही, आणि आपल्या घराचं नाव मूल जिद्दीने वाचतं. 'तुर्भे' मात्र शेवटी ठेवा. त्यातला 'र' उच्चारायचा 'भे'च्या आधी आणि बसतो 'भे'च्या डोक्यावर. रफार पहिलीच्या मुलाला जड जातो, घाई नको.

प्रश्न : मुलगी सहा वर्षांची आहे. घ-ध, भ-म यांत गल्लत करते, कधी अक्षर उलटं काढते. डिस्लेक्सिया असेल का? (कळवा)

या वयात एवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. या जोड्यांत फरक असतो तो एखाद्या गाठीचा किंवा शिरोरेषेतल्या फटीचा. दोन्ही अक्षरं एकाच दिवशी शिकवू नका. 'घ' पक्का झाल्यावर काही आठवड्यांनी 'ध' घ्या. बोटाने रव्यात गिरवायला द्या. चुकलेलं अक्षर वीसदा लिहायला लावू नका, तिला वहीचीच भीती बसेल.

डोळे आणि कान मात्र एकदा तपासून घ्या. बोलायला उशिरा लागली असेल, घरात कुणाला वाचनाची अडचण असेल, किंवा नियमित सराव करूनही दुसरी संपेपर्यंत सोपे शब्द वाचता आले नाहीत, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवायला कचरू नका. मूल आळशी आहे असं तोवर कुणालाही म्हणू देऊ नका.

प्रश्न : नातू चार वर्षांचा आहे. पुस्तक उघडून पानं उलटत सगळी गोष्ट 'वाचतो', पण ती पाठ आहे. त्याला थांबवावं का? (नौपाडा, ठाणे)

अजिबात नको, आजोबा. पान कुठे उलटायचं, कुठल्या चित्राशी कुठलं वाक्य, हे त्याला कळलंय. तेच पुस्तक पुन्हा मागितलं तर पुन्हा वाचा, फक्त ओळीखाली तुमचं बोट सावकाश सरकू द्या. अधूनमधून एखाद्या शब्दापाशी थांबा आणि तो त्याला म्हणू द्या. आणि १८९३ साली सुरू झालेलं मराठी ग्रंथसंग्रहालय तुमच्या ठाण्यातच आहे. तिथे त्याला हात धरून न्या. तुम्ही स्वतःसाठी पुस्तक चाळता, निवडता, घरी आणून वाचता, हे त्याला जवळून बघू द्या.