सगळी आपलीच माणसं, मग सोमवारी इतकं रिकामं का वाटतं?

“शनिवार-रविवार छान गेला. कुणाशी भांडण नाही, कुणी वाकडं बोललं नाही. तरी सोमवारी सकाळी मला रडू येतं. मला माणसं आवडेनाशी झालीत का?”

समुपदेशनात हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा येतो. पुरुषही तो घेऊन येतात, पण ते बहुधा ‘हल्ली चिडचिड होते’ एवढंच सांगतात. खालची केस एकाहून अधिक जणींच्या अनुभवांतून बांधली आहे आणि कुणाची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

ती छत्तीस वर्षांची, नोकरी करणारी, सात वर्षांच्या मुलाची आई. सासर, माहेर आणि मित्रमंडळी सगळी एकाच शहरात. रविवारी रात्री सहलीहून परतताना सगळ्यांना आपापल्या घरी सोडून ही तिघं आपल्या इमारतीखाली पोचली. झोपेला आलेल्या मुलाला घेऊन नवरा वर गेला आणि ती गाडी लावायला थांबली. गाडी लागली, इंजिन बंद झालं, तरी स्टिअरिंगवर हात ठेवून ती दहा मिनिटं तशीच बसून राहिली. “वर माझंच घर आहे, माझंच पोर आहे, तरी पाय उचलेना. त्या दिवशी मला स्वतःची भीती वाटली.”

भोवतालच्यांनी तिला दोन सल्ले दिले होते. ‘कार्यक्रम कमी कर’ हा एक, आणि ‘माणसांत राहिलं की मन ताजं होतं’ हा दुसरा. दोन्हींत तथ्य आहे, पण नेमकं काय कमी करायचं हे कळल्याशिवाय पहिला सल्ला नाती तोडतो आणि दुसरा माणसाला आणखी थकवतो. म्हणून आधी तो शनिवार-रविवार कागदावर मांडला.

शुक्रवारी संध्याकाळी ७ ते सोमवारी सकाळी ७ म्हणजे ६० तास. प्रत्येक कार्यक्रमापुढे पाच गोष्टी लिहायच्या: तयारी, जाणं, प्रत्यक्ष भेट, येणं आणि नंतरची आवराआवर. तिचे कार्यक्रम पाच होते. शुक्रवारी रात्री मैत्रिणी, शनिवारी सकाळी बहिणीच्या कुटुंबाबरोबर भटकंती, दुपारी मुलाच्या मित्राचा वाढदिवस, रात्री ऑफिसमधल्यांबरोबर जेवण आणि रविवारी सासरच्या मंडळींची सहल. प्रत्यक्ष भेटीचे तास भरले १६. पाचही गोष्टी धरून बेरीज झाली २८. वाढदिवसाचे दोन तास तिच्या डोक्यात दोनच होते, पण भेटवस्तू आणायला पाऊण तास आणि जाण्या-येण्याला चाळीस मिनिटं धरल्यावर ते तीन तास पंचवीस मिनिटं झाले. सहलीचे पाच तास साडेनऊवर गेले. तिन्ही रात्री मिळून झोप १७ तास. उरलेल्या १५ तासांत स्वयंपाक, अंघोळी, कपडे, मुलाचा अभ्यास आणि फोन. सलग, कुणी हाक मारणार नाही असा तिचा सगळ्यात मोठा वेळ शोधला, तर ती गाडीतली दहा मिनिटंच निघाली.

डॅनिएल कानेमन आणि एमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये माणसाच्या अंदाजातली एक खोड दाखवून दिली होती: एखाद्या कामाला किती वेळ लागेल हे ठरवताना आपण ते काम सुरळीत पार पडतानाचं चित्र पाहतो, मागच्या वेळी प्रत्यक्षात किती वेळ लागला होता ते पाहत नाही. मंगळवारी निमंत्रण येतं तेव्हा शनिवार मोकळाच दिसतो, आणि ‘हो’ मंगळवारीच म्हटलं जातं. म्हणून तक्ता आठवणीवरून नाही, तर झालेल्या शनिवार-रविवारचा, सोमवारी लगेच भरायचा. पुढच्याचा अंदाज नंतर.

तक्त्यात आणखी दोन आकडे घ्यायचे. कार्यक्रमाला निघताना अंगात किती दम आहे, शून्य ते दहा. आणि परतल्यावर किती. ती शुक्रवारी ५ वर गेली आणि ७ वर परतली. म्हणजे उशिरापर्यंत जागूनही मैत्रिणींनी तिला भरूनच पाठवलं होतं. सहलीला ४ वर निघाली आणि १ वर आली. तिचा निष्कर्ष तयार होता, “सासरची माणसं आहेत म्हणून.” तो घाईचा होता. त्या सहलीसाठी तिनं शनिवारी दिवसभरात केलेले फोन आणि मेसेज आम्ही मोजले. चौतीस. कोण कुठून बसणार, कुणाला गाडी लागते, सासूबाईंच्या गोळ्या कुणाजवळ, पाऊस आला तर काय. सहलीत तिला बहुतेक जण प्रेमानंच विचारत होते, पण प्रत्येक जण तिलाच विचारत होता. मैत्रिणींकडे मात्र तिला फक्त जायचं होतं.

झाबिने झोनेनटाग आणि शार्लोट फ्रिट्झ या मानसशास्त्रज्ञांनी २००७ मध्ये नोकरीबाहेरच्या वेळात माणूस कशानं सावरतो याचे चार भाग मांडले: कामातून मन सुटणं, अंग-मन सैल होणं, काहीतरी नवं जमणं आणि आपला वेळ कसा जाईल हे आपल्या हातात असणं. लोक पहिल्या दोघांच्या मागे असतात. सुट्टी भरगच्च असूनही माणूस रिता होतो तेव्हा मी चौथ्याकडे आधी पाहते. तिच्या ६० तासांतला एकही तास तिनं ठरवलेला नव्हता, आणि ज्या सहलीची व्यवस्था तिच्याकडे होती तिची वेळ, जागा, माणसं दुसऱ्यांनीच ठरवली होती. जबाबदारी हिची आणि निर्णय दुसऱ्यांचा, ही जोडी माणसाला पार पिळून काढते.

पहिल्या आठवड्यात तिनं उत्साहानं सगळा शनिवार मोकळा ठेवला आणि कपाटं आवरली, थकलेली बिलं भरली, पडदे धुतले. संध्याकाळी ती नेहमीपेक्षा जास्त वैतागलेली होती. हे फार जणांचं होतं. मोकळा वेळ आधी नाव देऊन राखला नाही, तर साचलेली कामं त्यावर हक्क सांगतात.

दुसऱ्या आठवड्यात नवरा दुखावला. “तुला नेमका माझ्याच घरच्यांचा कार्यक्रम जड होतो?” हा प्रश्न येणारच, त्यामुळे तिसऱ्या भेटीला दोघांना एकत्र बोलावलं. त्याच्यापुढे तक्रार न ठेवता तक्ता ठेवला. चौतीसचा आकडा पाहून तो म्हणाला, “मग मला सांगायचंस, मी मदत केली असती.” ती गप्प झाली. सांगणं हेही एक काम असतं, आणि ते पुन्हा तिच्याकडेच आलं होतं. ठरलं ते असं: त्याच्या घरच्यांचा कार्यक्रम अख्खा त्याचा. फोन त्याचे, गोळ्या त्याच्या लक्षात, निघायची वेळ त्याची. तिच्या माहेरचा तिचा. मित्रांचा आळीपाळीनं. या वाटणीसाठी सहल रद्द झाली नाही, कुणाला भेटणं कमी झालं नाही. पहिल्याच खेपेला तो मुलाचे जादा कपडे घ्यायला विसरला आणि पोर ओल्या पँटनं तासभर हिंडलं. अशा वेळी घरून आठवण करायची नाही, पिशवीत गुपचूप कपडे टाकायचे नाहीत, आणि ‘बघ, मी असते तर’ असं तर मुळीच म्हणायचं नाही. एकदा चुकलं की पुढच्या वेळी ते ज्याच्याकडे काम आहे त्याच्याच डोक्यात राहतं. तिला हे सगळ्यात कठीण गेलं. तिसऱ्या खेपेनंतर त्यानं एक पिशवी कायमची भरून ठेवली: एक जोडी कपडे, टॉवेल, औषधं, चार्जर, रिकाम्या प्लॅस्टिकच्या पिशव्या. परतल्यावर जे वापरलं ते त्याच रात्री पुन्हा भरायचं.

वेळेचा हिशोब आम्ही पाच खणांत बसवला: शुक्रवार संध्याकाळ, शनिवार सकाळ, शनिवार संध्याकाळ, रविवार सकाळ, रविवार संध्याकाळ. पाचांपैकी जास्तीत जास्त तीन भरायचे. दिवसभराची सहल दोन खण खाते. रविवार संध्याकाळी सहानंतर बाहेरचं काही नाही. आणि एक खण आधीच तिच्या नावानं लिहायचा, त्यात काय करायचं हे त्या दिवशी ठरवायचं, काहीच न करणंही चालेल. नात्यातलं लग्न, मोठं आजारपण असे आठवडे हा नियम मोडतील. तेव्हा तो मोडू द्यावा आणि पुढच्या आठवड्यात दोनच खण भरावेत.

मग नकाराचे शब्द. ‘बघते’, ‘जमवते’, ‘प्रयत्न करते’ हे तीन शब्द तिनं वापरायचे नाहीत असं ठरलं. सांगणारीच्या मनात ते ‘नाही’ असतं, ऐकणारा ते ‘हो’ धरून माणसं मोजतो, आणि शेवटच्या दिवशी दोघंही दुखावतात. त्याऐवजी “उद्या संध्याकाळपर्यंत नक्की सांगते” म्हणायचं आणि खरंच सांगायचं. खोटं कारणही देऊ नये. ‘मुलाला बरं नाही’ म्हटलं की समोरचा प्रेमानं उपाय सुचवतो आणि आणखी एक खोटं बोलावं लागतं. मैत्रिणीला: “तुम्हाला भेटायचंय गं, पण या शनिवारी घरीच थांबणार आहे. पुढच्या शुक्रवारी मी येते, तारीख आत्ताच ठरवू.” सासूबाईंना नवऱ्यानं सांगायचं: “आई, आम्ही अकराला येतो आणि चारला निघतो.” येण्याची आणि निघण्याची वेळ एकाच वाक्यात आली की चार वाजता उठणं रुसवा वाटत नाही.

निरोप घ्यायलाही वेळ लागतो, हे तक्त्यात कुणी धरत नाही. उठून उभं राहणं, बूट शोधणं, दारातल्या गप्पा, विसरलेली पाण्याची बाटली यांत सहज वीस-पंचवीस मिनिटं जातात. चारला गाडीत बसायचं असेल तर साडेतीनला “आता निघू” म्हणावं, आणि ते दोघांपैकी कुणी म्हणायचं हे घरूनच ठरवून यावं. दोन कार्यक्रमांमध्ये किमान पाऊण तास हवा आणि त्यात फोन नको. नुकत्याच झालेल्या कार्यक्रमाचे फोटो निवडणं, टाकणं, प्रत्येकाला उत्तर देणं म्हणजे तोच कार्यक्रम पुढे चालू ठेवणं.

झोपेचं गणित थोडक्यात, पण ते सोडू नये. एरवी ती ११ ते ६ झोपते, म्हणजे झोपेचा मध्य अडीचला. शनिवारी रात्री ती २ ला झोपून साडेसातला उठली, म्हणजे मध्य पावणेपाचला. शरीराचं घड्याळ एका रात्रीत सव्वादोन तास सरकवलं आणि सोमवारी परत ओढलं. २००६ मध्ये शरीराच्या घड्याळाचा अभ्यास करणारे टिल रोनेबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या सरकण्याला ‘सोशल जेटलॅग’ असं नाव दिलं. म्हणूनच रविवारी ११ ला अंथरुणावर पडूनही साडेबारापर्यंत तिचा डोळा लागत नव्हता. उशिराची रात्र एकच ठेवावी, ती शक्यतो शुक्रवारची, आणि उठण्याची वेळ रोजच्यापेक्षा तासाहून जास्त पुढे जाऊ देऊ नये. झोप कमी पडलीच तर दुपारी वीस मिनिटं.

सगळा थकवा तक्त्यानं सुटणारा नसतो. दोन आठवडे जवळजवळ रोज, दिवसाचा बराचसा वेळ मन उदास असेल, आवडत्या गोष्टीही नकोशा वाटत असतील, भूक-झोप बिघडली असेल, तर ते नैराश्य असू शकतं आणि मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावं. जगणंच नको असा विचार येत असेल तर त्याच दिवशी. भेटीनंतर दमण्यापेक्षा भेटीआधी ‘लोक मला काय म्हणतील’ या धास्तीनं पोटात गोळा येत असेल, तर तो प्रश्न वेगळा आहे. त्यावर कार्यक्रम कमी केले की धास्ती वाढते. तिचं तसं नव्हतं. एक मोकळी संध्याकाळ आणि दोन रात्रींची झोप मिळाली की बुधवारी ती स्वतःहून बहिणीला फोन करत होती.

आठव्या आठवड्यातला तक्ता: तीन खण भरलेले, भेटीचे तास ११, सगळं धरून १७. सासरची सहल त्यातही होती. तिला निघताना दम ६, परतताना ५. त्या संध्याकाळीही गाडी तीच लावत होती आणि नवरा मुलाला घेऊन आधी वर गेला होता. दहा मिनिटं ती खाली बसलीच. ती दहा मिनिटं सोडायची नाहीत असं तिनं सांगितलं आणि रविवारच्या खणात ती स्वतःच्या हातानं लिहिली.