जुन्या गाडीतलं कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) कमी होतंय, पण खाली थेंबही दिसत नाही. गळती कशी शोधायची?

आधी मेकॅनिककडून प्रेशर टेस्ट करून घ्या. इंजिन थंड असताना हातपंपाने रेडिएटरमध्ये झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकी, बहुधा 0.9 किंवा 1.1 बार, हवा भरतात. पंपावरचा दाबाचा काटा उतरू लागला तर गळती आहेच. बारीक गळतीतलं कूलंट गरम इंजिनवर वाळून जातं, म्हणून जमीन कोरडी राहते. पण होजचे जोड आणि वॉटर पंपाखाली हिरवट किंवा गुलाबी वाळका डाग सापडतो. रेडिएटरचं झाकणही तपासा. त्याचं रबर कडक झालं की कूलंट वाफेवाटे उडतं, आणि झाकण बदलणं हा सगळ्यात स्वस्त इलाज आहे.

काचेवर आतून चिकट धुकं, गोडसर वास आणि डॅशबोर्डखालचं कार्पेट ओलं असेल, तर हीटर कोअर (गाडीच्या आत गरम हवा देणारा छोटा रेडिएटर) गळतोय.

बाहेर काहीच सापडलं नाही, तर हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिन ब्लॉक आणि हेड यांच्यामधल्या सीलचा संशय घ्या. इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहतो, कूलंटमध्ये बुडबुडे दिसतात. डिपस्टिकवरचं (इंजिन ऑइल मोजायच्या पट्टीवरचं) तेल दुधाळ दिसलं तर गाडी अजिबात चालवू नका, बेअरिंग जातील.

आणि कृपा करून इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका, चेहरा भाजतो.