सूक्ष्मदर्शक हाताशी नसेल तर नेफेलीन सायनाइट आणि ग्रॅनाइट वेगळे कसे ओळखायचे?

दोन्ही खडक पांढुरके-करडे आणि जाड कणांचे, त्यामुळे फसायला होतंच. ताजा फोडलेला भाग आधी बघूच नका. ऊनपाऊस खाल्लेली बाजू बघा. ग्रॅनाइटमधला क्वार्ट्झ, म्हणजे आपली गारगोटी, कशालाच दाद देत नाही. त्याच्या शेजारचं फेल्स्पार हे खनिज झिजतं आणि गारगोटीचे दाणे वर उठून राहतात. नेफेलीन सायनाइटमध्ये उलटं. फेल्स्पारच्या आधी त्यातलं नेफेलीन हे खनिजच झिजतं आणि तिथे खळगे पडतात. देवीचे व्रण असलेल्या चेहऱ्यासारखा तो पृष्ठभाग डोळे मिटूनही बोटांना कळतो.

शंका उरलीच तर पोलादी सुरी घ्या. नेफेलीनवर कसाबसा ओरखडा उठतो, क्वार्ट्झवर मात्र सुरीचंच पोलाद घासून राहतं. पुस्तकं तेलकट चकाकी बघायला सांगतात, पण क्वार्ट्झही कधीकधी तेलकट दिसतो. मी त्यात दोनदा फसलोय.

क्वार्ट्झ आणि नेफेलीन एकाच खडकात का नांदत नाहीत? नेफेलीन हे सिलिकेची, म्हणजे क्वार्ट्झ ज्याचा बनतो त्या द्रव्याची, उपासमार झालेल्या शिलारसाचं (वितळलेल्या खडकाचं) अपत्य. सोडियम भरपूर, सिलिका अपुरी. जास्तीची सिलिका मिळाली असती तर ती गिळून त्याचं अल्बाइट फेल्स्पार झालं असतं. म्हणून शिलारसातूनच घडलेला क्वार्ट्झचा दाणा सापडला, की नेफेलीनचं नाव सोडून द्या.

आणि सोडालाइट हे खनिज दिसलं तर निकाल लागलाच, कारण तेही असंच उपाशी शिलारसातलं. लोकांना राजस्थानातलं किशनगढ माहीत असतं ते संगमरवरासाठी. पण तिथल्या नेफेलीन सायनाइटमध्ये सोडालाइट आहे, भूवैज्ञानिक व्रेडेनबर्ग यांनी १९०४ मध्येच त्यावर लिहिलंय. विद्यार्थी असताना सहलीला गेलो, तेव्हा सरांनी 'इथेच बघत राहा' म्हणून हातोडा घातला. फुटलेल्या जागी गुलालासारखा रंग! मागच्यांना हाक मारून पुढे बोलावेपर्यंत उन्हात तो उडून करडा झाला. मागचे म्हणाले, थापा मारता.

सोडालाइटच्या या जातीला हॅकमनाइट म्हणतात. त्यात थोड्या क्लोरीनच्या जागी गंधक असतं. अतिनील किरणांनी गंधकाकडचा इलेक्ट्रॉन सुटतो, क्लोरीनच्या रिकाम्या जागेत अडकतो आणि रंग दिसतो. साध्या उजेडाने तो इलेक्ट्रॉन पुन्हा मोकळा होतो आणि रंग जातो. तेव्हाचा तुकडा अजून माझ्या खणात आहे. नोटा तपासायच्या दिव्याखाली धरला की गुलाबी होतो, खिडकीत ठेवला की पुन्हा करडा.