मेकॅनिकल डिप्लोमा झालाय, अनुभव शून्य. पहिली नोकरी मिळवायची कशी?

तुम्ही लिहिलंय की डिप्लोमा ६८ टक्क्यांनी झाला, चार महिन्यांत साठेक ऑनलाइन अर्ज टाकले, फोन एकही नाही. घर सांगोल्याकडे आणि 'पुण्यात ओळख नाही'. मीही त्याच भागातला. डिप्लोमा झाल्यावर एक बॅग घेऊन भोसरीत, म्हणजे पुण्याजवळच्या एमआयडीसीत उतरलो होतो. आज एका मशीन शॉपमध्ये, म्हणजे सुटे भाग बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये क्वालिटी बघतो आणि नव्या पोरांच्या मुलाखतीही माझ्याच गळ्यात पडतात.

आधी साठ अर्जांचं. आमच्यासारखी चाळीस-पन्नास माणसांची शॉप नोकरीच्या साइटवर जाहिरात देतच नाहीत. माणूस कमी पडला की सुपरवायझर ओळखीत विचारतो, गेटवर बोर्ड लागतो, आणि टेबलावर पडलेल्या बायोडेटांतला वरचा उचलला जातो. तो वरचा कागद तुमचा असायला हवा. त्यासाठी पायपीट लागते, दुसरा उपाय मला तरी सापडला नाही. भोसरीत जे ब्लॉक, एस ब्लॉक, टी ब्लॉक असे एकेक दिवस पकडा. सकाळी साडेनऊ-दहाला जा, शिफ्ट लागताना गेटवर कुणी ऐकून घेत नाही. गुरुवारी मात्र जाऊ नका, त्या दिवशी तिथली बहुतेक शॉप बंद असतात. मी पहिल्याच आठवड्यात गुरुवारी जाऊन रिकाम्या रस्त्यावर वडापाव खाऊन परत आलोय.

गेटवर 'व्हेकन्सी आहे का' विचारलंत तर वॉचमन मान हलवून मोकळा होतो. 'अप्रेंटिस (शिकाऊ उमेदवार) घेता का' असं विचारा. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घेणं कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे एचआरला तुमची गरज असू शकते. डिप्लोमावाल्यांसाठी नॅट्स हे सरकारी अप्रेंटिस पोर्टल आहे, तिथे नाव नोंदवून नंबर बायोडेटावर लिहा. वर्षभर स्टायपेंडवर काम करावं लागतं, पैसे कमी असतात, पण वर्षाने 'अनुभव' या रकान्यात लिहायला काहीतरी असतं.

आता मुलाखत. माझ्या पहिल्या मुलाखतीत साहेबांनी मार्कशीट उघडलीच नाही. एक शाफ्ट (गोल दांडा) आणि व्हर्निअर, म्हणजे जबड्यांत धरून माप घ्यायचं साधन, पुढे सरकवला, म्हणाले, 'माप.' मी जबडे लावले, वाचलं, ऐटीत सांगितलं, '२५.०४.' त्यांनी व्हर्निअर परत घेतला, रिकामाच बंद करून माझ्यासमोर धरला. दोन शून्यं जुळतच नव्हती. झिरो एरर होता ०.०४ चा, म्हणजे रिकामा असतानाच तो तेवढं जास्त दाखवत होता आणि शाफ्ट बरोबर २५ मिलिमीटरचा. 'कॉलेजात हातात घेतला होतास का?' खरं तर पंधरा जणांत एक व्हर्निअर होता आणि मी जर्नल लिहिणाऱ्यांत होतो. नोकरी गेली.

दुसऱ्या शॉपमध्ये तसाच व्हर्निअर पुढे आला. मी आधी रुमालाने जबडे पुसले, बंद करून उजेडाकडे धरले, मग मापायच्या तुकड्याला हात लावला. समोरच्यांनी पुढे फारसं काही विचारलंच नाही, सोमवारपासून या म्हणाले. आता मीही तेच करतो. पोरगा आकडा किती सांगतो याआधी तो जबडे पुसतो का, ते बघतो. मायक्रोमीटरचा लीस्ट काउंट (त्यावर वाचता येणारं सगळ्यात लहान माप), एच७ म्हणजे काय (भोकाच्या मापात किती फरक चालतो त्याची खूण), गो-नोगो गेज कशाला (माप मर्यादेत आहे का ते झटकन तपासायला), एवढं चोख करून जा. ड्रॉइंग हातात दिलं तर घाई करू नका, पहिल्यांदा टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालेल ते शोधा.

बायोडेटा एका पानाचा ठेवा. 'करिअर ऑब्जेक्टिव्ह'चा तो इंग्रजी परिच्छेद काढून टाका, शंभरातल्या नव्वद जणांचा शब्दन् शब्द सारखा असतो. कोणत्या मशीनवर हात बसलाय ते लिहा, लेथ तर लेथ. आणि पत्ता पुण्यातल्या खोलीचा द्या. गावचा पत्ता दिसला की 'हा दिवाळीला गेला की येतोय कशाला' हा विचार आमच्या डोक्यात येतोच. बरोबर नाही, पण येतो.

पैसे कुणालाच देऊ नका. रजिस्ट्रेशन, युनिफॉर्म, सेफ्टी शूज, मेडिकल, नाव काहीही असो. एका कन्सल्टन्सीने माझ्याकडून दीड हजार घेतले आणि ज्या गेटवर पाठवलं तिथल्या वॉचमनने त्यांचं नावच ऐकलेलं नव्हतं. त्या दिवशी तिथे माझ्यासारखे अजून चौघे उभे होते.

नोकरी लागली की पगार 'हातात किती' ते विचारा. मोठा आकडा सांगतात त्यात कधीकधी कंपनीचा पीएफचा वाटाही धरलेला असतो. तुमच्या बेसिकमधून (मूळ पगारातून) बारा टक्के पीएफला जातात, शिवाय दहा हजारांच्या वर पगार असेल तर पुरुषांचे व्यवसाय कराचे महिना दोनशे, फेब्रुवारीत तीनशे. अप्रेंटिस असाल तर पीएफ कापत नाहीत, स्लिपवर दिसला नाही म्हणून भांडायला जाऊ नका. काँट्रॅक्टरकडून लागलात तर मात्र यूएएन, म्हणजे तुमच्या पीएफ खात्याचा नंबर मागून घ्या आणि पीएफच्या पासबुकात पैसे जमा होतात का ते दर दोन महिन्यांनी बघा.

त्याआधी आजच एक काम करा. दहावीची मार्कशीट आणि आधार शेजारी ठेवा. मार्कशीटवर आडनाव आधी असतं, आधारवर नाव आधी, आणि वडिलांच्या नावाचं स्पेलिंग दोन्हीकडे वेगळं निघालं तर पुढे पीएफ काढताना अडकतं. माझ्या वडिलांच्या नावात एका कागदावर एक 'ए' जास्त होता. तेवढ्यासाठी पहिल्या नोकरीचा पीएफ सात महिने अडकून पडला.

आणि गेटवर जाताना स्वतःचं पेन घेऊन जा. रजिस्टरला दोरीने बांधलेलं पेन मी आजवर चालताना पाहिलेलं नाही.